केसपेपरवरचे प्रश्न कोठून येतात?

दाढ दुखू लागली म्हणून आपण जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या दंतवैद्याकडे गेलो, तर तोंड उघडण्याआधी बहुधा एक कागद भरावा लागतो. नाव, वय, गाव हे झाले की खाली चौकोनांची रांग असते : मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, फिट्स, कावीळ, औषधाची ॲलर्जी, गरोदरपण. जे लागू असेल तेथे खूण करायची. अनेक दवाखान्यांत आता हा कागद संगणकात गेला आहे. समोर बसलेली मदतनीस प्रश्न विचारते आणि पडद्यावर खुणा करत जाते. दाढेचा आणि फिट्सचा काय संबंध, अशी शंका मनात आली तरी आपण ती बोलून दाखवत नाही. बाहेर आणखी चार माणसे खोळंबलेली असतात.

या लेखात आम्हाला ती शंका जरा नेटाने विचारायची आहे. ही यादी कोणी केली? तीत हेच आजार का? आणि ती करताना कोणती माणसे डोळ्यांसमोर होती? दवाखान्यांसाठी तयार मिळणाऱ्या संगणक-प्रणालींत अशी यादी आधीच भरलेली येते. मात्र तीत भर घालण्याची, शब्द बदलण्याची, नको तो प्रश्न काढण्याची सोयही दंतवैद्याला दिलेली असते. ही सोय वापरावी का, आणि वापरायची तर कशी, याचे उत्तर शोधायला या यादीचा इतिहास फार उपयोगी पडतो.

नोंदवहीपासून फाइलीपर्यंत

रुग्णाची हकीकत ऐकणे हे वैद्यकाइतकेच जुने आहे. पण ती ठरावीक नमुन्यात लिहून ठेवणे ही तुलनेने नवी गोष्ट आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला ठाऊक असते ती दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून. त्याच नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे एक योजना मांडली होती. सर्व रुग्णालयांनी आपल्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात, आजारांना सर्वांनी सारखीच नावे वापरावीत, अशी ती योजना. एका रुग्णालयातले रुग्ण जास्त दगावतात आणि दुसऱ्यातले कमी, हे कळायचे तर दोघांनी तेच मोजले पाहिजे आणि त्याच रीतीने मोजले पाहिजे. नमुना सगळीकडे सारखा असावा, या मागणीचे मूळ येथे आहे. पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

पुढचा टप्पा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला. तेथे प्रत्येक डॉक्टर आपापल्या जाड वहीत तारखेप्रमाणे नोंदी करीत असे. त्यामुळे एकाच रुग्णाची माहिती चार वह्यांत विखुरलेली राही. १९०७ साली हेन्री प्लमर या डॉक्टरांनी पद्धत बदलली. वही डॉक्टरची न राहता फाइल रुग्णाची झाली. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या पाकिटात त्याचे सगळे कागद. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर आपण 'केसपेपर काढतो', त्यामागे हीच कल्पना आहे.

तिसरा टप्पा प्रश्नांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील कीव्ह ब्रॉडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. चार पाने, १९५ प्रश्न, आणि प्रत्येकापुढे फक्त 'होय' किंवा 'नाही'. रुग्णाने ती बाहेर बसून स्वतःच भरायची आणि मग डॉक्टरांना भेटायचे. डॉक्टरांचा वेळ वाचला, आणि विचारायचे राहून गेले असे होण्याची शक्यताही कमी झाली. आज दवाखान्यात दिसणारी चौकोनांची रांग याच वंशातली आहे.

एकेका प्रश्नामागची गोष्ट

दंतवैद्याच्या यादीतला प्रत्येक प्रश्न एखाद्या जुन्या अनुभवातून आलेला असतो. लहानपणी घसा सुजून ताप येतो, मग सांधे सुजतात, आणि काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. दाढ काढताना तोंडातले जंतू थोडा वेळ रक्तात मिसळतात. निरोगी माणसाला त्याचे काही होत नाही, पण खराब झडपेवर ते ठाण मांडून बसू शकतात. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ साली सांगितले, की अशा रुग्णांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे. तेव्हापासून 'हृदयाचा काही आजार आहे का?' हा प्रश्न दंतवैद्याच्या कागदावर पक्का झाला. पुढे २००७ साली त्याच संस्थेने पुरावा पुन्हा तपासला आणि हे औषध फार थोड्या, जास्त धोक्याच्या रुग्णांपुरते मर्यादित केले. कृत्रिम झडप बसवली आहे का, पूर्वी झडपेला जंतुसंसर्ग झाला होता का, असे नेमके प्रश्न त्यामुळे महत्त्वाचे झाले. 'हृदयविकार' एवढा एकच चौकोन आता अपुरा पडतो.

फिट्सचेही तसेच. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइन या औषधाने काहींच्या हिरड्या दातांवर वाढत जातात, हे १९३९ सालापासून ठाऊक आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर दाढ काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी, दात काढल्यानंतर जबड्याचे हाड उघडे पडून भरून येत नाही, असे २००३ सालापासून ध्यानात येऊ लागले. त्यापूर्वीच्या कोणत्याही यादीत हा प्रश्न सापडणार नाही, आणि जो नमुना त्यानंतर बदललाच नाही त्यात तो आजही नसेल.

म्हणजे यादीला वय असते. ज्ञान वाढले की प्रश्न वाढतात, बदलतात, कधी गळतातही. यादीला वय असते तसे गावही असते. हे समजायला आपण खानदेशाकडे वळू.

दंतवैद्यकाचा एक विद्यार्थी आणि सातपुडा

ब्रिटिश काळात खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा काढण्यात आला. मध्ये तापीचे खोरे, कापूस आणि केळी; उत्तरेला सातपुडा. सातपुड्याच्या कुशीत अक्राणी, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत भिल्ल, पावरा, तडवी यांची वस्ती आहे. यांतल्या भिल्ल आणि पावरा समाजांत 'सिकलसेल' या रक्तदोषाचे प्रमाण मोठे आहे. महाराष्ट्रात झालेल्या पाहण्यांत, काही आदिवासी जमातींत शंभरात वीस ते पस्तीस माणसे या दोषाची वाहक असल्याचे दिसले आहे.

रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलमध्ये त्यांतल्या हिमोग्लोबिनची घडण किंचित वेगळी असते. प्राणवायू कमी पडला, शरीरातले पाणी कमी झाले किंवा ताप आला की या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग रक्त न पोचलेल्या भागात असह्य वेदना होतात. दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच आला, तर माणूस वाहक असतो आणि बहुधा निरोगी राहतो. दोघांकडून आला तर आजार होतो. वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले. मलेरियाच्या मुलखात हा दोष पिढ्यान् पिढ्या का टिकून राहिला, याचा उलगडा त्यातून होतो.

या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद ज्याच्यावर झाली तो रुग्ण दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता, ही या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट आहे. वॉल्टर क्लेमंट नोएल हा वीस वर्षांचा तरुण कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यक शिकायला आला होता. १९०४ सालच्या डिसेंबरात तो आजारी पडून रुग्णालयात गेला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याची हकीकत लिहून घेतली, त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याला लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी या रुग्णावर लक्ष ठेवले आणि १९१० साली त्याचा वृत्तांत छापला. नोएल शिक्षण संपवून आपल्या बेटावर परतला, तेथे त्याने दंतवैद्य म्हणून काम केले आणि १९१६ साली तो न्यूमोनियाने वारला. त्या वेळी त्याचे वय अवघे बत्तीस होते. भारतात हा दोष १९५२ साली प्रथम नोंदला गेला, निलगिरीच्या आदिवासींत.

शिकागोच्या त्या रुग्णालयात सिकलसेलचा चौकोन असणे शक्यच नव्हते, कारण आजाराला नावच नव्हते. तेथे कामी आली ती मोकळेपणाने लिहून घेतलेली हकीकत. आज आजाराला नाव आहे, तपासणी आहे. तरीही दंतवैद्यकाच्या पुष्कळ तयार नमुन्यांत तो चौकोन नसतो, किंवा 'रक्ताचे विकार' अशा एका गोळा शब्दात तो बुडून गेलेला असतो.

सातपुड्यालगतच्या दंतवैद्याला हा चौकोन का हवा? अशा रुग्णाचा दात किडून पू झाला तर तो संसर्ग वेदनेच्या झटक्याला निमित्त ठरू शकतो. म्हणून उपचाराला उशीर करून चालत नाही. पूर्ण भूल द्यायची तर जास्त काळजी घ्यावी लागते. उपाशी, तहानलेल्या रुग्णाला तासन्‌तास बसवून ठेवणेही बरे नाही. आणखी एक गोष्ट अशी, की जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या तर मुळीच न किडलेला दातसुद्धा ठणकू शकतो. विचारलेच नाही, तर चांगला दात उपटला जाईल आणि दुखणे तसेच राहील.

'धूम्रपान करता का?'

आता दुसरे उदाहरण घेऊ, तंबाखूचे. परदेशी नमुन्यांवरून घेतलेल्या यादीत एक ठरलेला प्रश्न असतो : धूम्रपान करता का? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे ४ जण धूम्रपान करणारे आढळले, आणि सुमारे २४ जण धूर न काढता तंबाखू वापरणारे. म्हणजे हा प्रश्न विचारून आपण जेवढी माणसे पकडतो, त्याच्या सहापट बाहेर राहतात. तोंडाचा कर्करोग तर त्यांनाही होतो.

'तंबाखू वापरता का?' असे विचारले तर भागेल, असे वाटेल. पण तेही पुरत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली मशेरी दातांना लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू वापरतो असे वाटतेच असे नाही. तिच्या लेखी ते दात घासणे असते. तिला 'दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?' असेच विचारावे लागते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. त्यामुळे गुटखा खाणाराही आता तोंडाने तसे सांगायला कचरतो.

प्रश्न नेमका असण्याची किंमत आपल्याच देशातल्या दंतवैद्यांनी फार पूर्वी ओळखली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. तेथील डॉ. फली मेहता, त्यांचे सहकारी आणि कोपनहेगनचे प्रा. येन्स पिंडबोर्ग यांनी १९६६-६७ साली भारतातल्या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन पन्नास हजारांवर ग्रामस्थांची तोंडे तपासली. त्यानंतर पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ ग्रामस्थांची अशीच पाहणी झाली आणि तिचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. या पाहण्यांत सवयींची नोंद प्रकारानुसार केली होती. त्याचा उपयोग आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात दिसला. तेथील स्त्रिया चुट्टा, म्हणजे घरगुती चिरूट, जळते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांच्या टाळूवर रोगाच्या खुणा आढळतात, त्याचे कारण हेच. नुसत्या 'धूम्रपान : होय' या खुणेतून हे कधीच उमगले नसते. चुट्ट्याचे कोणते टोक तोंडात असते, हा प्रश्न त्या गावात गेल्यावाचून सुचणार नाही.

खानदेशासाठी असाच एक प्रश्न आम्हाला सुचवावासा वाटतो. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांच्या तोंडातली त्वचा हळूहळू कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले होते. सुरुवातीला तोंडाची आग होते आणि तिखट सोसत नाही. ज्या मुलखात झणझणीत शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा रोजच्या जेवणात आहे, तेथे 'अलीकडे तिखट खाणे सोडावे लागले का?' हा प्रश्न कोणालाही कळेल. त्याचे उत्तर द्यायला लाज वाटायचेही कारण नाही.

संगणकाने काय बदलले?

रुग्णाची हकीकत संगणकाकडून घेण्याचा प्रयोग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. वॉर्नर स्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि १९६६ साली प्रसिद्ध केला. छापील प्रश्नावली सर्वांना सगळेच प्रश्न विचारते. संगणक मात्र उत्तर पाहून पुढचा प्रश्न ठरवू शकतो. 'ॲलर्जी आहे' असे म्हटले तरच 'कोणत्या औषधाची?' हे विचारायचे, नाही तर पुढे जायचे. या प्रयोगात रुग्णापुढे चार उत्तरे होती : होय, नाही, माहीत नाही, प्रश्न समजला नाही. शेवटची दोन उत्तरे आम्हाला फार मोलाची वाटतात. आपल्या नमुन्यांत ती सहसा नसतात.

याचे कारण नीट पाहू. कागदावर मधुमेहाचा चौकोन रिकामा आहे. त्याचा अर्थ काय? रुग्णाला मधुमेह नाही, की त्याने कधी रक्त तपासलेच नाही, की त्याला शब्द कळला नाही, की मदतनिसाने विचारलेच नाही? रिकामा चौकोन या चारही गोष्टी एकाच रीतीने दाखवतो. संगणकात तर आणखी घोटाळा होऊ शकतो. सोय म्हणून काही नमुन्यांत सगळीकडे 'नाही' आधीच भरून ठेवतात. मग न विचारलेला प्रश्नही विचारून 'नाही' उत्तर मिळाल्यासारखा दिसतो. कागदावर जे निदान संशयास्पद वाटले असते, ते पडद्यावर खात्रीचे वाटू लागते. म्हणून नमुना बदलायला बसलेल्या दंतवैद्याने पहिला बदल हाच करावा : आधी भरलेली उत्तरे काढून टाकावीत, आणि 'माहीत नाही' व 'विचारले नाही' यांना वेगळी जागा द्यावी.

दुसरा बदल भाषेचा. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी लिहिता येऊ लागले होते, पण प्रत्येक फाँटची अंतर्गत मांडणी निराळी. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला तर भलतीच अक्षरे दिसत. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती रुळल्यावर ही अडचण दूर झाली. पण लिपीचा प्रश्न सुटला म्हणजे भाषेचा सुटला असे नाही. खानदेशात अहिराणी आहे, यावल-रावेरकडे लेवा गणबोली आहे, सातपुड्यात पावरी आणि भिली आहेत. 'मधुमेह' हा पुस्तकी शब्द ज्याला अडतो, त्याला 'तुमले साखर शे का?' हे सहज कळते. नमुन्यात दंतवैद्याने पडद्यावर इंग्रजी शब्द ठेवावा, हरकत नाही. पण त्याखाली विचारायचे वाक्य बोलीत लिहून ठेवता येते. मग आज एक मदतनीस, उद्या दुसरी, असे झाले तरी प्रश्न तोच राहतो.

तिसरा बदल उत्तराचे पुढे काय होते, याबाबतचा. कागदावरची खूण फाइलीत गडप होते. संगणकाला मात्र सांगून ठेवता येते, की पेनिसिलिनची ॲलर्जी असे उत्तर आले तर त्या रुग्णाचे पान उघडताच वर लाल पट्टी दाखव. येथेही तारतम्य हवे. दहा गोष्टींसाठी लाल पट्टी लावली तर डोळा सरावतो आणि अकरावी पट्टी दिसतच नाही. जी माहिती आजचा उपचार बदलेल, तिलाच पट्टी असावी.

बदलाला मर्यादा कोठे?

आता नाइटिंगेलबाईंच्या मागणीकडे वळू. प्रत्येकाने आपापला नमुना मनाप्रमाणे बदलला तर तुलना कशी होणार? जळगावात 'तंबाखू' या एका रकान्यात सगळे भरले आणि धुळ्यात पाच रकाने केले, तर दोन जिल्ह्यांची बेरीज जमणार नाही. रुग्ण एका गावाहून दुसऱ्या गावी गेला तर त्याची नोंदही कामी येणार नाही. भारत सरकारने २०१३ साली आरोग्य-नोंदींसाठी मानके जाहीर केली आणि २०१६ साली ती सुधारली, ती याच अडचणीसाठी. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचाही एक हेतू हाच आहे, की रुग्णाची नोंद त्याच्याबरोबर जावी.

सारखेपणा हवा आणि स्थानिकपणाही हवा, यातून वाट कशी काढायची? एक चांगले उदाहरण शाळांना जवळचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या राज्यातील पालघरहून सुरू झाला. त्याची पथके शाळांत आणि अंगणवाड्यांत येतात, हे शिक्षकांना ठाऊक आहेच. त्यात तपासायच्या तीस बाबींची यादी सर्व देशासाठी एकच ठेवली, आणि दातांची कीड तीत आहे. मात्र सिकलसेल, थॅलसिमिया यांसारखे आजार आपल्या भागातले प्रमाण पाहून राज्यांनी तीत वाढवावेत, अशी मुभा दिली. गाभा सर्वांचा सारखा, आणि त्याला जोडून स्थानिक पान. दंतवैद्याच्या नमुन्यालाही हीच रीत लागू पडते. मूळ रकाने मोडू नयेत, त्यांचे अर्थ बदलू नयेत. त्यांखाली आपल्या मुलखाचे प्रश्न जोडावेत. मशेरी, गुटखा, विडी वेगवेगळे विचारावे, पण तिन्ही 'तंबाखू' या मूळ रकान्याखालीच ठेवावे, म्हणजे बेरीज करता येते.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. सिकलसेल अमुक समाजांत जास्त आहे, म्हणून नमुन्यात जात किंवा जमात विचारावी का? किंवा आडनाव पाहून ठरवावे का? आमच्या मते नाही. असे केल्याने एकाला उगाच शिक्का बसतो आणि दुसरा सुटून जातो. हा दोष महाराष्ट्रात आदिवासींखेरीज इतर समाजांतही आढळतो. त्यापेक्षा सर्वांनाच साधे तीन प्रश्न विचारता येतात : सिकलसेलची तपासणी झाली आहे का, तिचे कार्ड आहे का? घरात कोणाला हा आजार आहे का? लहानपणापासून हातपाय, सांधे वारंवार खूप दुखतात का? १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले होते. त्यामुळे कार्डाबद्दल विचारणे आता निरर्थक नाही.

प्रश्न वाढवताना हेही लक्षात ठेवले पाहिजे, की विचारलेली प्रत्येक गोष्ट जपावी लागते. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे कोणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. उपकरणांचे निर्जंतुकीकरण तर प्रत्येक रुग्णागणिक सारखेच करायचे असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही २०२३ साली झाला आहे. पण कायद्यापेक्षा बाकड्याचा विचार आधी करावा. दहा माणसांच्या देखत मदतनिसाने मोठ्याने 'गरोदर आहात का? फिट्स येतात का?' असे विचारले, तर खरे उत्तर मिळेलच असे नाही. नमुना कितीही चांगला असला तरी तो कोठे आणि कोणासमोर भरला जातो, यावर त्याचे मोल ठरते.

शाळेत काय करता येईल?

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असते, हे विज्ञानाच्या पद्धतीतले एक मूलभूत सत्य आहे. ते वर्गात सहज दाखवता येते. इयत्ता आठवी-नववीच्या मुलांचे दोन गट करावेत. घरातल्या मोठ्या माणसांना विचारायचा प्रश्न एका गटाने 'घरात कोणी तंबाखूचे व्यसन करते का?' असा ठेवावा. दुसऱ्याने 'घरात दात कशाकशाने घासतात? जेवणानंतर काय चघळतात?' असा. उत्तरे नाव न लिहिता चिठ्ठीवर आणून डब्यात टाकावीत. मग दोन्ही डब्यांतून तंबाखूचा उल्लेख किती वेळा आला, ते फळ्यावर मोजावे. गट लहान असतील तर आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, हेही सांगावे. आजारांबद्दल मात्र मुलांना एकमेकांना काही विचारायला लावू नये.

दुसरा उपक्रम शब्दांचा. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, दमा, कावीळ, ॲलर्जी यांना आजी-आजोबा काय म्हणतात, हे मुलांनी लिहून आणावे. वर्गात अहिराणी, गणबोली, पावरी, गुजरी, उर्दू बोलणारी मुले असतील तर एक छान कोश तयार होईल. तो गावातल्या डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना नेऊन द्यावा. त्यांच्या नमुन्यात त्याची एक ओळ जरी गेली, तरी मुलांनी केलेले काम एखाद्या रुग्णाच्या उपयोगी पडेल.

आणि शाळेचे स्वतःचे अर्जही एकदा काढून पाहावेत. सहलीपूर्वी पालकांकडून भरून घ्यायच्या कागदावर 'काही आजार आहे का?' एवढीच एक ओळ असते, आणि तिच्यापुढे बहुतेक पालक 'नाही' लिहितात. ज्या गावात सिकलसेलची मुले आहेत तेथल्या सहलीत उन्हात चालणे आहे, पाणी कमी पिणे आहे. त्या एका ओळीऐवजी कोणते चार प्रश्न असावेत, हे शिक्षकांनी आणि पालकांनी एकत्र बसून ठरवावे. येत्या पालकसभेत तेवढा एक विषय घ्यायला हरकत नाही.